सातशे ग्रॅम तूरडाळ

मी पिस्तूल घेणार आहे, हे नवऱ्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो डब्याची वाट बघत स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो म्हणाला, "बरं. पोळ्या दोनच दे, आज भूक नाहीये." लग्नाला एकोणीस वर्षं झाली की नवरे असंच ऐकतात. मी दोन पोळ्या दिल्या आणि तो गेला. अर्ध्या तासानं ट्राममधून त्याचा मेसेज आला, "काय घेणार आहेस म्हणालीस?"

आम्ही हॉलंडात, अ‍ॅमस्टेलव्हीनला राहतो. नवरा आयटीत आहे, मी त्याच्या पाठोपाठ पुण्याहून आले. एमकॉम झालेली बाई इथे काय करणार, यावर दोन्ही घरांत बरीच चर्चा झाली होती. मी दोऱ्यानं लोकांच्या भुवया कोरते. पुण्यात हौस म्हणून पार्लरचा कोर्स केला होता, तो इथे उपयोगी पडला. सायकलच्या पिशवीत दोऱ्याची रिळं, पावडर, छोटी कात्री, आरसा घ्यायचा आणि बायकांच्या घरी जायचं. बहुतेक गिऱ्हाइकं आपल्याकडच्याच नोकरदार बायका, म्हणजे त्या घरी येणार संध्याकाळी सहानंतर. माझा धंदा खरा चालायचा तो संध्याकाळीच. सासरी अजूनही कोणी विचारलं तर "ती ब्युटी इंडस्ट्रीत आहे" असं सांगतात. मी काही बोलत नाही, पण डोक्यात जातं.

एका नोव्हेंबरात, साडेसातच्या सुमारास, मी अशीच एका घराकडून दुसऱ्या घराकडे निघाले होते. नोव्हेंबरात इथे साडेपाचलाच मिट्ट अंधार असतो. घरांच्या मागून पाण्याच्या कडेनं जाणारा सायकलचा रस्ता होता. मागून एक सायकल आली, शेजारी आली आणि त्या माणसानं माझं हँडल धरलं. मी आडवी झाले. त्यानं मानेमागून कॉलर धरून मला खाली दाबून ठेवलं, पिशवी ओढली, फोन घेतला आणि गेला. अर्धा मिनिट, फार तर एक. गुडघा फुटला, बाकी काही नाही. रिळं रस्त्यावर गडगडत होती आणि मी ती गोळा करत बसले होते.

मला राग त्या माणसाचा कमी आला आणि माझा जास्त. मुलीला हाक मारली तर तळमजल्यावरच्या डच आजोबांना ऐकू जाते असा माझा आवाज. त्या अर्ध्या मिनिटात तो फुटलाच नाही. ओरडले नाही, चावले नाही, साधा एक शब्द तोंडातून निघाला नाही. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पाणी दिलं, नीट बोलले. त्यानंतर मी संध्याकाळची कामं बंद केली. शेजारच्या बुइटनव्हेल्डर्टला, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेली एक गुजराती बाई आहे, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ती दर महिन्याला विचारायची, शाम को आ सकती हो क्या? मी दर महिन्याला काहीतरी कारण सांगायचे. मुलीचा क्लास, पाहुणे, पाठदुखी. अंधार पडला की मी घराबाहेर पडत नाही, हे मला तिला सांगायचं नव्हतं. मला ते माझं मलाही मान्य नव्हतं. मला माझी संध्याकाळ परत हवी होती, एकटीनं, सायकलवर.

माझा दादा टेक्सासला असतो. तो कमरेला रोज पिस्तूल लावून भाजी आणायला जातो. आम्ही त्याला यावरून खूप हसायचो. आता मीच त्याला फोन केला. त्याला एवढा आनंद मी राखी वेळेवर पाठवल्यावरही झालेला आठवत नाही. "अगं, आधी हे समज," म्हणून त्यानं दीड तास शिकवणी घेतली. रोज जवळ बाळगायचं पिस्तूल निवडायचं तर ते लहान हवं, म्हणजे कपड्यांखाली दिसत नाही. पण फार लहान नको, नाहीतर मुठीत धड बसत नाही आणि झटका जोरात लागतो. जाडीला कमी हवं. चाप फार हलका नको, नाहीतर पिशवीत हात घालताना घोटाळा व्हायचा. फार जड नको, नाहीतर घाईत नेम चुकेल. गोळ्या किती बसतात, अंधारात दिसणारे ठिपके नळीवर आहेत का, म्यान कसलं, कमरेवर की पोटाशी. "आणि सगळ्यात मुख्य म्हणजे," दादा म्हणाला, "तुझ्या रोजच्या कपड्यांत ते कुठे राहणार, ते आधी ठरव. भरलेलं सातशे ग्रॅम धर."

मी वही केली. खरंच केली. मुलीची गणिताची अर्धी कोरी वही घेतली आणि उभ्या रेघा मारून सहा पिस्तुलांची नावं, वजन, लांबी, जाडी सगळं लिहून काढलं. कित्येक दिवसांनी मला सकाळी उठल्यावर काहीतरी करायचं आहे असं वाटत होतं. भुवया कोरता कोरता माझ्या डोक्यात नळीची लांबी चालू असायची. कुर्त्याला पट्टा नसतो, लेगिंग्जला खिसा नसतो, रेनकोटच्या खिशात हात घातला की तो घट्ट बसतो. जगातली ही सगळी पिस्तुलं पॅन्ट घालणाऱ्या पुरुषांना समोर ठेवून केलेली आहेत, हा माझा पहिला शोध.

मग मी शिवणयंत्र काढलं. जाड कापडाची, बरोबर त्या मापाची पिशवी शिवली, स्वयंपाकघरातल्या काट्यावर सातशे ग्रॅम तूरडाळ मोजली, पिशवीत भरली, तोंड शिवून टाकलं आणि नाडीनं कमरेला बांधली. वर कुर्ता. दोन दिवस उजवीकडे बांधून बघितली, दोन दिवस पाठीमागे, मग पोटाशी. खाली वाकून बघितलं, सायकलवर बसून बघितलं, सुपरमार्केटमध्ये सगळ्यात खालच्या फळीवरचं दूध काढून बघितलं. पाठीमागे बांधली की खुर्चीत टेकता येत नाही. पोटाशी बांधली तेव्हा शेजारच्या वहिनींनी "काही गोड बातमी आहे का गं?" असं विचारलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी! उजवीकडे जरा मागे हीच जागा उत्तम, असं मी वहीत लिहिलं आणि दादाला फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला.

मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची. तिनं वही बघितली, डाळ बघितली आणि म्हणाली, "आई, दॅट्स सो नॉट लीगल हिअर." मी म्हटलं, तू अभ्यास कर.

नेमबाजीचा क्लब मी शोधून काढला तो थोडा गावाबाहेर, गोदामांच्या रांगेत. जानेवारीतला गुरुवार होता, नवऱ्यानं गाडीनं सोडलं आणि "मी गाडीतच बसतो" म्हणाला. दार उघडलं ते एका सत्तरीच्या बाईंनी. पांढरे कापलेले केस, पायात लाकडी टाचांचे बूट, गळ्यात साखळीला चष्मा. त्या तिथल्या प्रशिक्षक होत्या. मी वही उघडली आणि इंग्रजीत, जमेल तिथे डचमध्ये, सांगायला लागले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या कमरेकडे बघून विचारलं, "आणि इथे काय आहे?"

सवय इतकी झाली होती की मी ती पिशवी काढायची विसरले होते.

"तूरडाळ," मी म्हटलं.

बाईंनी हात पुढे केला. मी नाडी सोडून पिशवी दिली. त्यांनी ती तळहातावर तोलली, टेबलावर ठेवली आणि मला समोर बसवून सगळं सांगितलं. या देशात कोणीही साधा माणूस पिस्तूल घेऊन रस्त्यावर फिरू शकत नाही. कमरेला नाही, पिशवीत नाही, कारणासकट नाही आणि कारणाशिवायही नाही. मिरचीचा फवारासुद्धा शस्त्र धरतात. परवाना मिळतो तो खेळासाठी. त्यासाठी क्लबात वर्षभर यायचं, शिकायचं, पोलिसांचा होकार घ्यायचा. मग पिस्तूल घरी, भिंतीला पक्क्या केलेल्या लोखंडी कपाटात. गोळ्या वेगळ्या कुलपात. क्लबला नेताना रिकामं, पेटीत कुलूपबंद, थेट जायचं आणि थेट यायचं. "आणि संरक्षणासाठी हवंय असं पोलिसांना सांगितलंत," त्या म्हणाल्या, "तर तिथेच संपलं."

माझा चेहरा पडला असणार. महिनाभर फुगवलेला फुगा होता तो. म्हणजे मुलगी म्हणत होती ते खरं होतं, आणि हे मला एका पंधरा वर्षांच्या पोरीसमोर कबूल करावं लागणार होतं. मी वही मिटली आणि उठले. बाई म्हणाल्या, "आलाच आहात तर एकदा मारून बघा."

त्यांनी क्लबचं एक छोट्या गोळीचं पिस्तूल आणलं, पॉइंट टू-टू. कानांवर जाड आवरण, डोळ्यांवर चष्मा. त्यांनी माझे पाय बुटाच्या टोकानंच सरकवून जागेवर आणले. "रुस्तिग," त्या म्हणाल्या. म्हणजे सावकाश. चाप ओढायचा नाही, नुसता दाब वाढवत न्यायचा, कधी सुटेल ते आपल्यालाही कळता कामा नये. मला हसू आलं. बारा वर्षं मी दुसरं काय करत होते? दोरा दातात आणि बोटांत ताणायचा, केसाला हिसका द्यायचा नाही, ताण वाढवत न्यायचा आणि केस आपण होऊन निघतो. बाईच्या डोळ्यापासून बोटभर अंतरावर कात्री धरणाऱ्या माझ्या हाताला थरथर माहीत नाही.

गोळी सुटली. मला ती ऐकू येण्याआधी तळहातात कळली. पाच गोळ्या मारल्या. बाईंनी बटण दाबून कागद जवळ आणला, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कागदाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. पाचही भोकं एका वाटीखाली झाकली गेली असती. मधल्या काळ्या वर्तुळाच्या बरीच खाली होती, पण एकत्र होती. "आधी कधी मारलंय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. "काय काम करता?" मी माझ्या भुवईकडे बोट दाखवलं. त्यांना कळायला वेळ लागला आणि कळल्यावर त्या एवढ्या मोठ्यांदा हसल्या की पलीकडच्या रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं.

गाडीत बसल्यावर मी कागद नवऱ्याच्या नाकासमोर धरला. एवढा आनंद मला कशाचा झाला होता, हे तेव्हा सांगता आलं नसतं. तो कागद अजून फ्रीजवर आहे. नवरा म्हणाला, "म्हणजे पिस्तूल मिळणार नाही ना?" मी म्हटलं, "मिळणार. एक वर्ष लागेल."

खेमेंटेतून, म्हणजे इथल्या नगरपालिकेतून, चारित्र्याचा दाखला आणला, क्लबात नाव घातलं आणि दर गुरुवारी सात ते नऊ जायला लागले. तूरडाळीची त्याच आठवड्यात आमटी झाली. दादा मात्र खचला. "मग उपयोग काय त्याचा?" तो विचारायचा. उपयोग मलाही सांगता येत नव्हता. पण मनात एक गोष्ट मी ठरवून टाकली होती, ती कोणालाच सांगितली नाही. बाळगता येणार नसलं तरी, ज्या दिवशी माझं स्वतःचं पिस्तूल त्या कपाटात येईल, त्या दिवसापासून मी संध्याकाळची कामं परत धरेन. घरात ते आहे एवढ्यानंच मला बळ येईल, असा माझा हिशेब होता. बुइटनव्हेल्डर्टच्या बाईला तोवर पाठदुखी.

सुरुवातीला नवरा सोडायचा. मार्च संपता संपता घड्याळं पुढे गेली, त्याचे गुरुवारचे कॉल सुरू झाले आणि मी सायकल काढली. उन्हाळ्यात इथे रात्री दहापर्यंत लख्ख उजेड असतो, त्यामुळे कोणालाच काही वाटलं नाही. जाताना मी त्या दिवशी काय सुधारायचं ते घोकत जायचे आणि येताना प्रत्येक गोळी मनात पुन्हा मारत यायचे. एकदा तर आमच्या घरावरून सरळ पुढे गेले होते.

पिस्तूल निवडणं हे लग्न जमवण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि त्याहून कितीतरी मजेचं. क्लबातली माणसं दिलदार होती. कोणी नवीन आलं की स्वतःचं पिस्तूल पुढे करायची, "हे मारून बघ." मी काही नाही म्हणत नव्हते. माझ्या वहीतलं पहिल्या नंबरचं, दादाच्या आवडीचं, छोटं, काळं, नऊ मिलिमीटरचं पिस्तूल एका गृहस्थांकडे निघालं. नवी नवरी बघायला जावं तशी मी गेले. पहिल्याच गोळीला ते हातात असं उसळलं की अंगठ्याच्या बेचक्यात चिमटा बसला. दहा गोळ्या मारल्या, त्यातल्या तीन कागदाला लागल्याच नाहीत. मी वरमले. प्रशिक्षक बाई म्हणाल्या की लहान पिस्तूल बाळगायला सोपं आणि मारायला सगळ्यात अवघड असतं. नळी आखूड, मूठ आखूड, चूक मोठी. म्हणजे घाबरलेल्या, कधी सराव न केलेल्या बाईनं पर्समध्ये ठेवायला म्हणून मी जे निवडलं होतं, ते वीस वर्षं रोज सराव करणाऱ्यासाठी होतं. मी वहीत त्यावर काट मारली. दादाला सांगितलं तर म्हणाला, तुझी पकड चुकत असेल.

रिव्हॉल्व्हर बघितलं. ते दिसायला देखणं, पण चाप असा जड की माझं बोट पांढरं पडायचं. एक मोठं, जुनं, लष्करी थाटाचं बघितलं, त्याच्या मुठीला माझी बोटं पुरली नाहीत. आणि मग ऑक्टोबरात बाईंबरोबर दुकानात गेले. दुकानदारानं हिरव्या कापडावर तीन ठेवली. तिसरं मी उचललं आणि खाली ठेवलंच नाही. लांब नळीचं, छोट्या गोळीचं, कागदावर नेम मारण्यासाठीच केलेलं. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, तीही लहान मापाची, बायकांच्या हातात बरोबर बसणारी. डोळे मिटून हात उचलला, डोळे उघडले, तर नळीच्या टोकावरचा उंचवटा मागच्या खाचेत आपोआप बरोबर मध्ये आला होता. चापाला पहिला थोडा रिकामा प्रवास, मग एक बारीक अडथळा, तिथे थांबता येतं, श्वास घेता येतो आणि मग पुढे. दोरा! अगदी तोच ताण होता. मी बाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "मला विचारू नका. तुमचा चेहरा सांगतोय." परवाना येईपर्यंत दुकानदारानं माझ्या नावाची चिठ्ठी लावून ते बाजूला ठेवलं. घरी येताना मी सायकलवर चक्क गात होते.

दादाला व्हिडिओवर फोटो दाखवला. "एवढं लांब? अगं, हे लपवणार कुठे?"

"लपवायचं नाहीये," मी म्हटलं. मग वहिनी आली आणि मुलांच्या कॉलेजप्रवेशांचा विषय निघाला.

जानेवारीत वर्ष भरलं आणि मी अर्ज केला. दारू किती पिता, उदास वाटतं का, घरात भांडणं होतात का, असे प्रश्न होते. शेवटच्या प्रश्नाला नवऱ्याकडे बघून मी "साधारण" लिहिणार होते, त्यानं हात धरला. संगणकावर एक लांबलचक मानसिक चाचणी झाली. आणि मला ओळखणाऱ्या तीन माणसांची नावं द्यायची होती, पोलीस त्यांच्याशी बोलणार होते. एक प्रशिक्षक बाई, दुसरे तळमजल्यावरचे आजोबा. तिसरी म्हणून मी माझ्या मैत्रिणीचं नाव दिलं. ती इथल्या मराठी मंडळात दर गणपतीला नाटक बसवते आणि स्वतः मुख्य काम करते. इथेच माझं चुकलं.

आपल्याकडे कोणासाठी शब्द टाकायचा तर तो जीव ओतून टाकायचा असतो. समोरच्या साहेबाला दया आली पाहिजे, म्हणजे काम होतं. मैत्रिणीनं मला फोन करून अभिमानानं सांगितलं, "तुझं काम केलंय गं. तो पोलीस अगदी गप्प झाला होता." मी विचारलं, काय सांगितलंस? ती म्हणाली, "सगळं. त्या दिवशीचं सगळं. म्हटलं, साहेब, बिचारी तेव्हापासून अंधार पडला की घराबाहेर पाऊल टाकत नाही. तिला द्या हो ते पिस्तूल, तिला केवढा आधार होईल."

जे बोलायचं नाही म्हणून वर्षभर क्लबात कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, तेच एक वाक्य ही बया पोलिसांसमोर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली होती. मी तिच्यावर इतकी ओरडले की आजोबा वर विचारायला आले. हातात पिस्तूल नव्हतं ते बरंच झालं. आणि नंतर रडू आलं, कारण ती जे बोलली त्यातला एक शब्द खोटा नव्हता.

फेब्रुवारीत पोलीस अधिकारी घरी आले, संध्याकाळी सहाला. पन्नाशीचे, दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढे उंच. आम्ही सांगायच्या आत बूट काढले. वरच्या खोलीत गुडघे टेकून भिंतीला पक्कं केलेलं नवं लोखंडी कपाट हलवून बघितलं, गोळ्यांसाठीची पेटी उघडून बंद केली. मग जेवणाच्या टेबलाशी बसले. मुलगी जिन्याच्या पायरीवर मोबाइल घेऊन बसली होती, म्हणजे ऐकत होती. त्यांनी फाइल उघडली.

"संरक्षणासाठी परवाना मिळत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"आहे."

"तुमची मैत्रीण म्हणते, तुम्हाला ते त्यासाठीच हवंय. खोटं बोलते का ती?"

एक सोपं उत्तर होतं. ती नाटकं करते, सगळं वाढवून सांगते, हेही खरंच होतं. माझ्या जिभेवर आलं होतं. दुकानातली ती अक्रोडाची मूठ मला दिसत होती. पण हँडल धरलेल्या त्या अर्ध्या मिनिटात मी गप्प बसले होते, आता पुन्हा तोंड लपवायचं मला जमेना.

"नाही," मी म्हटलं. "मी क्लबात आले ती त्यासाठीच." आणि सांगितलं. नोव्हेंबर, सायकल, गुडघा, वही. तूरडाळसुद्धा सांगितली. संपलं आता, असं मनाशी म्हटलं.

त्यांनी काही लिहिलं नाही. "तेव्हापासून अंधार पडल्यावर तुम्ही एकट्या बाहेर पडत नाही."

"नाही."

"क्लबचा वार कोणता?"

"गुरुवार. सात ते नऊ."

"कशा जाता?" पिस्तूल नेण्या-आणण्याचे नियम असतात, म्हणून ते विचारत असणार असं मला वाटलं.

"सायकलनं."

"कोणाबरोबर?"

मी तोंड उघडलं आणि नाव येईना. जिन्यावरून मुलगी म्हणाली, "अलोन. शी गोज अलोन. ऑल विंटर."

अधिकाऱ्यांनी खिडकीकडे बघितलं. पावणेसात वाजले होते, बाहेरचे दिवे लागले होते आणि समोरच्या घराच्या फक्त खिडक्या दिसत होत्या. मी मनात गुरुवार मोजायला लागले. ऑक्टोबरात मी सायकलच्या दिव्याला नवीन सेल घातले होते. नोव्हेंबरात कपाटातून हातमोजे बाहेर काढले होते. डिसेंबरात एकदा बर्फ होतं, तेव्हा नऊ वाजता सायकल हातात धरून चालत आले होते आणि सगळ्या वाटेवर आठव्या गोळीला श्वास का चुकला याचाच विचार करत होते. एका गुरुवारीसुद्धा माझ्या डोक्यात तो माणूस आला नव्हता. कमरेला काही नव्हतं. डाळसुद्धा नव्हती.

मला हसू यायला लागलं आणि डोळ्यांतून पाणीही. मुलगी मोबाइल ठेवून उठली. अधिकाऱ्यांनी पेन उघडलं. "मग मी काय लिहू?"

"लिहा," मी म्हटलं, "जाते म्हणून."

त्यांनी लिहिलं. "आणि आता पिस्तूल कशासाठी हवंय?"

यावर मी जे बोलत सुटले ते मला स्वतःलाच थांबवता येईना. चापाचा रिकामा प्रवास, मधला अडथळा, मुठीचं माप, माझ्या गोळ्या डावीकडे खाली का जातात, क्लबच्या पिस्तुलावर ते का सुधारत नाही. उठून फ्रीजवरचे आणि कपाटातले कागद आणले, टेबलभर पसरले, डच शब्द संपले तेव्हा हातानं करून दाखवलं. भुवईचा दोरा दातात धरूनही दाखवला. शेवटी त्यांनीच हात वर केला. "पुरे, मेव्राऊ," ते म्हणाले, म्हणजे बाईसाहेब. "समजलं." निर्णय पत्रानं येईल, आपल्याकडून हरकत नाही, असं सांगून त्यांनी बूट घातले. मुलगी म्हणाली, "आई, यू वेअर सो एम्बॅरसिंग," आणि माझ्या गळ्यात पडली.

ते कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी दारात उभी राहिले. मग आत येऊन बुइटनव्हेल्डर्टला फोन लावला. बाई ऑफिसातून नुकती घरी आली होती. पाठ कशी आहे, असं तिनं आधी विचारलं.

"पाठ को कभी कुछ हुआ ही नहीं था," मी म्हटलं. "आज शाम को घर पे हो? निकलती हूँ मैं."